१/४८ स्पिटफायरच्या आसनाचे पट्टे: कोणते घ्यावेत आणि त्यांना वळण कसे द्यावे?

कागदी विमान यांचा प्रश्न

नमस्कार. सध्या मी १९४० सालच्या ब्रिटनच्या लढाईतील स्पिटफायर मार्क १ या ब्रिटिश लढाऊ विमानाचे १/४८ प्रमाणातील मॉडेल बांधते आहे. कॉकपिटचे दार आणि छत उघडे ठेवायचे असून वैमानिक बसवायचा नाही, त्यामुळे पाहणाऱ्याची नजर सर्वांत आधी रिकाम्या आसनावर आणि त्यावरच्या पट्ट्यांवर जाणार हे उघड आहे. याच कारणाने किटमधील पट्टे बाजूला ठेवून वेगळे विकत घ्यावेत, असे मनात आहे.

यापूर्वी मी हरिकेन विमानाच्या एका मॉडेलला फोटो-एच पद्धतीने (पत्रा रसायनाने कोरून) बनवलेले, आधीच रंगवलेले पितळी पट्टे लावले होते. तो अनुभव चांगला नव्हता. पट्टा वाकवताना घडीवरचा रंग टवका उडावा तसा निघाला, एक पट्टा पुन्हा सरळ करण्याच्या नादात तुटला, आणि उरलेले तीन आसनावर बसवल्यावर ते कापडाचे न वाटता बिस्किटांच्या डब्याच्या पत्र्यातून कापून काढल्यासारखे वाटू लागले. मॉडेल पाहायला आलेल्या भाच्याने विचारले, "वैमानिकाला हे टोचत नसेल का?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

आता बाजारात पितळी पत्र्याखेरीज पातळ पोलादी पट्टे, लेझरने कापलेले कापडी पट्टे आणि डेकलप्रमाणे (पाण्यात भिजवून लावायच्या छापील चित्राप्रमाणे) उचलून लावायचे उठावदार त्रिमितीय छापील पट्टे असे अनेक पर्याय दिसतात. प्रत्येकाची स्तुती करणारे लोक आहेत आणि प्रत्येकाला नावे ठेवणारेही आहेत. माझे प्रश्न दोन आहेत. या विशिष्ट विमानासाठी यांपैकी कोणता प्रकार निवडावा? आणि निवडलेला पट्टा कापडासारखा पडलेला दिसावा म्हणून त्याला वळण नेमके कोणत्या टप्प्यावर आणि कसे द्यावे? बाहेरून मागवायचे म्हणजे टपाल, सीमाशुल्क आणि दीड-दोन महिन्यांची वाट आलीच, म्हणून चुकीचा संच मागवण्याची चैन मला परवडणारी नाही.

गंजलेला चिमटा यांचा प्रतिसाद

आपल्या दोन प्रश्नांच्या आधी एक तिसरा प्रश्न येतो आणि बहुतेक जण तो विचारायचे विसरतात. आपल्या विमानात हार्नेस, म्हणजे वैमानिकाला आसनाशी बांधणारा पट्ट्यांचा जोड, कोणत्या प्रकारचा होता? सामग्रीची निवड त्यावर अवलंबून आहे, दुकानातल्या जाहिरातीवर नाही.

१९४० च्या स्पिटफायरमध्ये सटन हार्नेस असे. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश वैमानिक ऑलिव्हर सटन याच्या नावाने तो ओळखला जातो. त्यात चार पट्टे असतात, दोन खांद्यांवरून येणारे आणि दोन मांड्यांवरून. प्रत्येक पट्ट्याला ओळीने धातूची कडी बसवलेली छिद्रे असतात. एका पट्ट्यावरच्या खुंटीवर उरलेल्या तिघांची छिद्रे एकावर एक चढवायची आणि वरून क्लिप अडकवायची, इतकी ती रचना साधी होती. वैमानिक जाड असो वा बारीक, पुढचे किंवा मागचे छिद्र निवडले की पट्टा घट्ट किंवा सैल होई. म्हणजेच या हार्नेसची ओळख छिद्रांच्या ओळीत आहे, बकलांत नाही. युद्धाच्या उत्तरार्धात ब्रिटिश विमानांत मधोमध गोल पेटी असलेला, एका झटक्यात सुटणारा हार्नेस येत गेला. संच मागवताना त्याच्या नावात 'सुरुवातीचा' लिहिले आहे की 'नंतरचा', हे पाहूनच पैसे भरावेत. १९४० च्या विमानात ती गोल पेटी दिसली, तर बाकी कॉकपिट कितीही सुबक असले तरी जाणकाराची नजर तिथेच अडेल.

आता हाच मुद्दा सामग्रीला लावून पाहू. कापडी पट्ट्यांविषयी, उदाहरणार्थ एचजीडब्ल्यू या चेक कंपनीच्या संचांविषयी, मुख्य तक्रार अशी असते की बारीक धातूच्या बकलांतून कापडाची पट्टी ओवताना डोळे आणि धीर दोन्ही संपतात. जर्मन विमानांच्या बाबतीत ही तक्रार रास्त आहे, कारण त्यांच्या पट्ट्यांवर जुळवण्या आणि कड्या भरपूर असतात, आणि १/४८ मध्ये ते ओवणे म्हणजे मोहरीला भोक पाडण्यासारखे आहे. सटन हार्नेसमध्ये मात्र ओवण्याजोगे फारसे काही नसतेच. कापडाचा सर्वांत मोठा तोटा इथे आपोआप नाहीसा होतो आणि फायदा तेवढा उरतो. म्हणून आपल्या विमानापुरते माझे पहिले मत कापडी पट्ट्यांना आहे. हेच विमान जर्मन मेसरश्मिट १०९ असते, तर मी आपल्याला वेगळा सल्ला दिला असता.

दुसरी पसंती पातळ पोलादी छापील पट्ट्यांना. एडुआर्डने 'स्टील' या नावाने ते आणले आणि पितळी पट्ट्यांच्या मानाने ते पुष्कळच बरे आहेत. पत्रा पातळ असतो, घडीवर रंग तितका उडत नाही आणि छिद्रांची कडी, शिवण, सावली हे सारे छापलेले असते. त्यांचा एक स्वभाव ध्यानात ठेवावा. पोलाद थोडे मागे उसळते, म्हणून हव्या असलेल्या वळणापेक्षा किंचित जास्त वाकवून सोडून द्यावे लागते.

जाडीचा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा, म्हणजे आपली हरिकेन बिस्किटाच्या डब्यासारखी का दिसली ते कळेल. खरा पट्टा साधारण पन्नास मिलिमीटर रुंद आणि दोन मिलिमीटर जाड धरला, तर १/४८ मध्ये त्याची रुंदी एक मिलिमीटरपेक्षा किंचित अधिक आणि जाडी जेमतेम ०.०४ मिलिमीटर भरते. ०.१ मिलिमीटर जाडीचा पितळी पत्रा म्हणजे खऱ्या मापात जवळजवळ पाच मिलिमीटर जाडीचा पट्टा. रुंदी बरोबर आणि जाडी अडीच पट असली की डोळ्याला कापड दिसत नाही, फळी दिसते. पत्र्याची उभी कड रंगाने झाकता येते, पण ती कड नाहीशी करता येत नाही.

त्रिमितीय छापील पट्ट्यांविषयी माझे मत थोडे कठोर आहे. क्विंटा स्टुडिओसारख्यांनी उपकरणफलकांच्या बाबतीत जे केले आहे त्याला तोड नाही आणि तिथे मी ते डोळे मिटून वापरतो. पण पट्ट्याला आपल्याला हवे तसे पडायला लावायचे असते, आणि छापील राळेचा थर एका मर्यादेपलीकडे वळत नाही. पाठीवरून सरळ खाली आलेल्या पट्ट्याला तो शोभतो, पण आसनाच्या कडेवरून खाली लोंबणाऱ्या पट्ट्याला नाही.

ओझरकर यांचा प्रतिसाद

वरील विवेचनाशी मी बहुतांशी सहमत आहे. माझी नोकरी ओझरच्या कारखान्यात गेली. तिथे मिग-२१ ची बांधणी होत असे आणि त्या काळात कित्येक आसनांवरचे पट्टे मी हाताळले आहेत. स्पिटफायरचे पट्टे मी हाताळलेले नाहीत, पण विणलेल्या जाड पट्टीचा स्वभाव सगळीकडे सारखाच असतो आणि तो समजला की चिमटा हातात घ्यायच्या आधीच अर्धे काम होते.

विमानातला पट्टा म्हणजे एक प्रकारची नवार. ज्यांच्या घरी नवारीचा पलंग होता त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. नवार लांबीच्या दिशेने वाकते, थोडा पीळही घेते, पण रुंदीच्या दिशेने ती वाकत नाही, कारण तिच्या दोन्ही कडा घट्ट विणलेल्या असतात. तिला कागदासारखी धारदार घडी कधी पडत नाही, ती वळते तिथे गोलाई राहते. नवी असताना ती ताठ असते, आणि घाम, तेल व वापर यांनी वर्षभरात मऊ पडते. मॉडेलवरचे पट्टे खोटे दिसतात ते बहुधा एवढ्यासाठीच, की बांधणाऱ्याने आसनाच्या कडेवर सपाट चिमट्याने नव्वद अंशांची घडी घातलेली असते. त्या जागी चिमट्याऐवजी टूथपिक ठेवून त्यावरून पट्टा वळवावा.

दुसरी गोष्ट वजनाची. पट्ट्याच्या टोकाला धातू असतो, मध्ये कापड असते. म्हणून रिकाम्या आसनावर टाकलेला पट्टा टोकाकडे ताणलेला आणि मध्ये सैल असतो. कापड हवेत कुठेही अधांतरी राहत नाही. एखाद्या आधारावर टेकेपर्यंत ते खाली जाते आणि तिथे पसरते. हे पाहण्यासाठी संग्रहालयात जाण्याची गरज नाही. शाळेच्या जुन्या दप्तराचा पट्टा कापून घ्यावा, त्याच्या टोकाला किल्ल्यांचा जुडगा बांधावा आणि तो खुर्चीच्या पाठीवरून दहा वेळा टाकून दहा वेळा फोटो काढावा. दोन फोटो एकसारखे येणार नाहीत. त्यांपैकी जो सर्वांत निष्काळजी दिसेल तो समोर ठेवून काम करावे.

एक इशारा मात्र द्यायला हवा. मिग-२१ किंवा कोणत्याही इजेक्शन सीटची छायाचित्रे पाहून स्पिटफायरचे पट्टे लावू नयेत. इजेक्शन सीटमध्ये पट्टे आसनालाच जोडलेले असतात, कारण आसन वैमानिकाला घेऊनच बाहेर जायचे असते. स्पिटफायरमध्ये वैमानिकाला पट्टे सोडून स्वतः बाहेर पडावे लागे. तिथे खांद्याचे पट्टे आसनाच्या पाठीवर संपत नाहीत. ते पाठीमागे जातात, मागच्या चौकटीच्या आडव्या नळीवरून जातात आणि तिथून तारेने विमानाच्या मागच्या भागात अडकवलेले असतात. पुष्कळ मॉडेलांवर ते आसनाच्या वरच्या कडेला चिकटवून तिथेच कापलेले दिसतात. छत बंद असेल तर एक वेळ चालेल, पण आपण छत उघडे ठेवणार आहात.

बहात्तरावा अंश यांचा प्रतिसाद

चर्चा १/४८ ची आहे हे मान्य करूनही थोडा वेगळा सूर लावतो, कारण मी गेली अनेक वर्षे केवळ १/७२ मध्ये काम करतो आणि एवढ्या लहान प्रमाणात विकतच्या पट्ट्यांचा खर्च मला पटत नाही.

घरच्या घरी उत्तम पट्टे होतात. स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियमच्या फॉइलचा तुकडा घ्यावा, त्यावर पाणी घालून पातळ केलेल्या फेव्हिकॉलने अगदी पातळ कागद चिकटवावा आणि तो जड पुस्तकाखाली रात्रभर दाबून ठेवावा. फॉइलमुळे दिलेले वळण टिकते आणि कागदामुळे रंग धरतो, शिवाय पृष्ठभाग धातूसारखा चकाकत नाही. धातूची पट्टी आणि नवे पाते घेऊन त्यातून हव्या त्या रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात. पाते जरा जरी बोथट असले तर कड फाटते आणि सारे मुसळ केरात जाते. सटन हार्नेसची छिद्रे सुईच्या टोकाने मागून टोचून उमटवता येतात. त्यांवर टोकदार पेन्सिल अलगद फिरवली की ग्रॅफाइटची चमक कडीसारखी दिसते.

ही पद्धत १/४८ मध्येही चालेल, पण तिथे छिद्रांमधील अंतर एकसारखे राखणे कठीण जाते आणि डोळ्याला चूक दिसते. तेव्हा मागवायचेच असेल तर खुशाल मागवावे. मात्र संच येईपर्यंतच्या दीड महिन्यात या फुकटच्या पट्ट्यांवर हात बसवून घ्यावा. दहा पट्टे वाया गेले तरी कुणाला हिशेब द्यावा लागत नाही.

आणखी एक पर्याय कुणी सांगितला नाही, तो म्हणजे पट्ट्यांसह ओतलेले रेझिनचे आसन. बराकुडा स्टुडिओज, अल्ट्राकास्ट यांची स्पिटफायरची आसने अशी मिळतात. त्यांतील पट्ट्यांना घडणाऱ्याने आधीच वळण दिलेले असते, त्यामुळे आपले काम केवळ रंगवण्याचे उरते. ज्यांचा ब्रशवर हात चांगला आहे त्यांना यासारखे सुख नाही. पण आपण वळण देण्याविषयी विचारले आहे, म्हणून हे आपल्याला कदाचित फसवणूक वाटेल.

कागदी विमान

सर्वांचे मनापासून आभार. रेझिनचे आसन फसवणूक वाटत नाही, पण या वेळी पट्टे स्वतःच्या हातांनी पाडायची जिद्द आहे. ओझरकर काका, आपण सांगितल्याप्रमाणे दप्तराचा पट्टा खुर्चीवर टाकून पाहिला. किल्ल्यांचा जुडगा दोनदा पायावर पडला, तरीही आपले म्हणणे शंभर टक्के पटले.

आता कापडी संच मागवते आहे. गंजलेला चिमटा यांना पुढचा प्रश्न असा, की कापडाला दिलेले वळण टिकते कसे? सुपरग्लू वापरावा का? आणि पट्टे आसनाला आधी चिकटवावेत की आसन कॉकपिटमध्ये बसवल्यावर? जुने पितळी पट्टे अजून एका संचात पडून आहेत, तेही दुसऱ्या विमानासाठी सुधारता आले तर बरे होईल.

गंजलेला चिमटा

कापडावर सुपरग्लू शक्यतो टाळावा. तो धाग्यांमध्ये शोषला जातो, त्या जागी गडद डाग पडतो आणि कापड काचेसारखे ताठ होते. शिवाय त्याची वाफ बंद जागेत पारदर्शक भागांवर पांढरट थर धरते, त्यामुळे छताजवळ तो वापरणे तसेही शहाणपणाचे नाही.

कापडाला खळ द्यायची. आपल्या आज्या सुती साडीला देत तशीच. पांढरा फेव्हिकॉल एक भाग आणि पाणी तीन-चार भाग असे मिश्रण करावे. आधी कोरडा पट्टा बोटांत चोळून, चुरगाळून त्याचा नवेपणा घालवावा. संचात सोबत आलेले धातूचे भाग या वेळी बसवून घ्यावेत. मग पट्टा आसनावर ठेवून ओल्या ब्रशने हे मिश्रण थोडे थोडे लावावे आणि ते ओले असतानाच टूथपिकने वळणे पाडावीत. पाच-दहा मिनिटे हवे तितके फेरफार करता येतात. वाळल्यावर पट्टा जसा पडला तसा राहतो, आणि पसंत पडला नाही तर पुन्हा ओला करून नव्याने सुरुवात करता येते. ही मुभा धातूत नाही. छापील कापडावर मिश्रण लावण्यापूर्वी पट्टे ज्या छापील चौकटीला जोडलेले येतात तिच्या टाकाऊ तुकड्यावर एकदा प्रयोग करून शाई फुटत नाही ना, एवढे पाहून घ्यावे.

क्रमाविषयी सांगायचे तर आसन, त्याची पाठीमागची चौकट आणि पट्टे हा एक स्वतंत्र जोड समजावा. आधी आसन रंगवून, वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग) देऊन पूर्ण करावे. स्पिटफायरची पुष्कळ आसने राळ मुरवलेल्या दाबीव सामग्रीची, तांबूस तपकिरी रंगाची होती आणि पाठीला गडद चामड्याची गादी असे, त्यामुळे फिकट पट्टे त्यावर उठून दिसतात. मग आसन चौकटीला जोडावे, खांद्याचे पट्टे आडव्या नळीवरून मागे नेऊन चिकटवावेत, आणि त्यानंतरच पुढचा भाग आसनावर पाडावा. हा सगळा जोड विमानाच्या दोन बाजूंच्या मध्ये कोरडा बसवून पाहिल्याशिवाय गोंदाला हात लावू नये. माझ्या एका मॉडेलमध्ये मांडीचा पट्टा आसनाच्या बाहेरून इतक्या ऐटीत लोंबत होता, की दोन्ही बाजू मिटेनात आणि शेवटी तो पट्टा कापावा लागला.

आसनाचा तळ खोल पातेल्यासारखा का आहे, हे ध्यानात असू द्यावे. वैमानिक पॅराशूटवरच बसत असे आणि ते त्या खळग्यात मावे. १९४० मध्ये तातडीच्या उड्डाणासाठी पॅराशूट पुष्कळदा पंखावर किंवा शेपटीच्या आडव्या भागावर ठेवलेले असे. म्हणून रिकाम्या आसनात मांडीचे पट्टे थेट तळापर्यंत जाऊन पडतात, गादीवर टेकल्यासारखे मध्येच थांबत नाहीत. चारही पट्टे दोन्हीकडे सारखे पाडू नयेत. एक खांद्याचा पट्टा आसनात आत, दुसरा पाठीवरून थोडा तिरपा, मांडीचा एक बाजूच्या कडेवरून बाहेर आणि दुसरा तळात, असे काहीसे असावे. दाराच्या बाजूने म्हणजे डावीकडून पाहणाऱ्याला छिद्रांची एक तरी ओळ पूर्ण दिसली पाहिजे, नाहीतर सटन हार्नेस मागवल्याचे सार्थक होत नाही.

जुन्या पितळी पट्ट्यांचे सांगतो. ते आधीच रंगवलेले असतील तर तापवायचे नाहीत, रंग जळेल. सारा रंग काढून टाकायची तयारी असेल तर मात्र ते स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीवर क्षणभर धरावेत, पत्रा मंद लालसर झाला की लगेच बाजूला घ्यावा. गार झाल्यावर पितळ मऊ पडलेले असते आणि टूथपिकवरून विनातक्रार वळते. पत्रा इतका पातळ असतो की एका क्षणाच्या उशिराने तो वितळतो, म्हणून पट्ट्यांसोबत आलेल्या पितळी चौकटीचा उरलेला तुकडा घेऊन आधी सराव करावा. त्यानंतर प्रायमर आणि मळकट पांढरा किंवा फिकट खाकी रंग द्यावा. शुद्ध पांढरा वापरू नये, कारण या प्रमाणात तो खडूसारखा दिसतो. वर पातळ केलेल्या तपकिरी तैलरंगाचा वॉश कडांपाशी थांबू द्यावा आणि शेवटी मॅट वार्निश मारावे. पट्ट्याच्या खाली आसनावर तोच वॉश थोडा जास्त गडद ठेवला, तर पट्टा आसनावर टेकला आहे असा भास होतो. माझ्या मते वजन दाखवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय हाच आहे.

ओझरकर

एक लहानशी भर घालतो. पट्टे संचाच्या चौकटीपासून कापताना वर पारदर्शक चिकटपट्टी लावावी, म्हणजे तुकडा उडून जाणार नाही. तरीही उडालाच, तर खोलीतले दिवे मालवून टॉर्च जमिनीलगत आडवा धरावा. शहाबादी फरशीवर एक मिलिमीटरच्या तुकड्याचीसुद्धा लांब सावली पडते.

कागदी विमान

संच मागवल्यापासून सात आठवड्यांनी हाती आला आणि काल रात्री चारही पट्टे आसनावर पाडून झाले, म्हणून कळवते आहे.

मधल्या काळात फॉइल आणि कागदाचे तेवीस पट्टे बनवले. पहिले पंधरा फेकून दिले, उरलेल्या आठांपैकी दोन इतके बरे जमले की एका जुन्या १/७२ विमानात बसवून टाकले. त्या सरावाचा उपयोग असा झाला, की कापडी पट्टा हातात आला तेव्हा कुठे वळवायचे याचा विचार करावा लागला नाही. फक्त किती वळवायचे एवढेच ठरवायचे होते. खळीचे प्रमाण पहिल्यांदा दाट झाले आणि पट्ट्यावर चकाकी आली. ओल्या ब्रशने ती बरीचशी निघाली, उरलेली मॅट वार्निशने झाकली.

खांद्याचे पट्टे नळीवरून मागे नेण्यात सर्वांत जास्त वेळ गेला. नळी आणि आसनाची पाठ यांच्यामध्ये पट्टा थोडा सैल ठेवला, तर तो पुढे टाकल्यावर आपोआप तिरपा पडतो, हे कुणी सांगितले नव्हते आणि हाताला अपघाताने कळले. डावा मांडीचा पट्टा दाराच्या बाजूने बाहेर काढला आहे. त्यावरची सात छिद्रे भिंगाशिवाय मोजता येतात. दोन्ही बाजू कोरड्या बसवून पाहिल्या तेव्हा त्या मिटल्या, पण उजवीकडे फट केसाएवढी राहते आहे. ती पट्ट्यामुळे आहे की बाजूच्या पटलामुळे, हे उद्या उजेडात पाहीन.

भाच्याला दाखवले. त्याने या वेळी टोचण्याविषयी काही विचारले नाही. वैमानिक पट्टे असे टाकून कुठे गेला, एवढेच त्याला जाणून घ्यायचे होते.